पाण्याचा माग काढणारा माणूस

सर्दी झालेल्या माणसाचा रुमाल वाळला की खळ घातल्यासारखा कडक होतो. घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. पण क्वचित एखादा माणूस असा असतो की त्याच्या एकाच नाकपुडीतून नितळ पाणी ठिबकतं. तो खाली वाकला की थेंब पडतो, आडवा झाला की पाणी घशात उतरतं आणि किंचित खारट लागतं. त्याचा रुमाल वाळला तरी मऊच राहतो. जुन्या काळचे हुशार डॉक्टर नुसत्या ह्या रुमालावरून सावध होत. कारण हे पाणी नाकाचं नसतंच. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं, आणि कवटीच्या तळाला कुठेतरी चीर पडल्याशिवाय ते नाकात येत नाही.

डॉक्टर मंडळी त्याला मस्तिष्क-मेरुद्रव असं भारदस्त नाव देतात. तापाच्या पेशंटचं पाठीतलं पाणी काढलं असं आपण ऐकतो, ते पाणी हेच. मोठ्या माणसाच्या शरीरात ते सुमारे १५० मिलिलिटर असतं, म्हणजे चहाचा एक कप. पण शरीर दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर नवं पाणी तयार करतं आणि तेवढंच जुनं रक्तात जिरवतं. म्हणजे दिवसाकाठी तीन-चार वेळा सगळं पाणी बदललं जातं. ह्या पाण्यात आपला मेंदू तरंगत असतो. त्याच्या खालची जमीन म्हणजे नाकाचं छत. वासाच्या नसा खाली उतरण्यासाठी तिथल्या हाडाला चाळणीसारखी भोकं असतात आणि काही ठिकाणी ते हाड कागदासारखं पातळ असतं. अपघातात तिथे तडा गेला आणि वरचं आवरण फाटलं की पाणी खाली येतं. पाणी गेल्याचं फारसं दुःख नाही, ते पुन्हा तयार होतं. खरी भीती उलट्या वाटेची. ज्या भोकातून पाणी बाहेर येतं त्याच भोकातून नाकातले जंतू वर चढतात, आणि मग मेंदूज्वर चालत्याबोलत्या माणसाला बघता बघता आडवं करतो.

तेव्हा प्रश्न एकच उरतो. गळतंय कुठून?

ऐकायला सोपा वाटणारा हा प्रश्न माणसाने फार उशिरा विचारला. गॅलेन हा प्राचीन ग्रीक वैद्य असं मानत होता, की मेंदूतला टाकाऊ भाग नाकावाटे खाली झिरपतो आणि सर्दी म्हणजे तेच. गॅलेनचा शब्द दीड हजार वर्षं प्रमाण मानला गेला. सतराव्या शतकात जर्मनीतल्या विटेनबर्गच्या श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने शेंबूड नाकाच्या आतल्या त्वचेतच तयार होतो, मेंदूतून येत नाही, हे दाखवून दिलं. झालं उलटंच! आता मेंदूतून नाकात काहीच उतरत नाही असा समज झाला. १८९९ साली लंडनच्या सेंट क्लेअर टॉमसन ह्या नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून आपोआप गळणाऱ्या मेंदूतल्या पाण्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेव्हा कुठे हा आजार खरोखर असतो हे वैद्यकाने मान्य केलं. पण भोक शोधायचं कसं आणि बुजवायचं कसं, ह्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

ते ज्याच्याकडून आलं त्या वॉल्टर डँडीविषयी मला आज सांगायचं आहे. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. वैद्यकाशी माझा संबंध औषधांच्या बिलांपुरता. डँडीपर्यंत मी पोचलो तो थॉमस वुल्फ ह्या अमेरिकन कादंबरीकारामुळे. त्याची १९२९ सालची ‘लुक होमवर्ड, एंजल’ मी तरुणपणी वाचली होती. पुढे त्याचं चरित्र वाचताना कळलं की १९३८ साली, वयाची ३८ वर्षंही पुरी झालेली नसताना, तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात वारला, आणि मरणाआधी तीन दिवस त्याचं डोकं उघडून पाहणारा सर्जन होता डॉक्टर डँडी. नाव लक्षात राहिलं. मग मिळेल ते वाचत गेलो. जसजसं वाचलं तसतसं वाटू लागलं, की ह्या माणसाच्या आयुष्याची कादंबरी आपोआपच झालेली आहे. लिहिणाऱ्याने फक्त मध्ये येऊ नये.

डँडीचा जन्म ६ एप्रिल १८८६ चा, मिसूरी राज्यातल्या सेडेलिया गावचा. हे रेल्वेचं गाव. आपल्याकडचं मनमाड किंवा भुसावळ डोळ्यांसमोर आणा. बाप इंग्लंडातल्या लँकेशरमधून आलेला, रेल्वेचं इंजिन चालवणारा. आई आयर्लंडमधल्या आर्माची. ह्या दोघांचा हा एकुलता एक मुलगा. १९०३ साली शाळेतून पहिला आला, १९०७ साली मिसूरी विद्यापीठाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात गेला. तिथे त्याला एकदम दुसऱ्या वर्षाला बसवण्यात आलं. १९१० साली, वयाच्या २४ व्या वर्षी तो डॉक्टर झाला. विद्यार्थी असतानाच त्याने फक्त दोन मिलिमीटर लांबीच्या मानवी गर्भाचं बारकाईने वर्णन करून निबंध लिहिला होता. दोन मिलिमीटर म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. न दिसणारं पाहण्याची खोड अशी पहिल्यापासूनची.

त्या वेळी हॉपकिन्समध्ये दोन मोठी माणसं होती. एक विल्यम हॉल्स्टेड, शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आणणारे, अबोल, घुमे. दुसरे हार्वे कुशिंग, ज्यांना आज मेंदूच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणतात. डँडी वर्षभर कुशिंगच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग करत होता आणि पुढे त्यांचा साहाय्यक झाला. गुरू शिस्तीचा, मानी आणि शब्दाने घायाळ करणारा. शिष्य तापट, हट्टी आणि आपल्याला बरोबर वाटेल ते तोंडावर बोलणारा. अशा जोड्यांचं पुढे काय होतं हे आपल्याला संगीतातल्या घराण्यांवरून ठाऊक आहे. १९१२ साली कुशिंग बॉस्टनला मोठ्या पदावर निघाले. आपल्याला बरोबर नेतील असं डँडी धरून चालला होता. त्यांनी नेलं नाही.

त्याची हॉपकिन्समधली जागाही तोवर भरली गेली होती. म्हणजे ना इकडचा ना तिकडचा. रुग्णालयाच्या अधीक्षकांनी राहायला एक खोली दिली, एवढाच आधार. दुसरा एखादा गाव गाठून दवाखाना थाटता. डँडीने त्या अधांतरी दिवसांत आयुष्याचा विषय निवडला.

विषय होता डोक्यात पाणी होण्याचा. आपल्याकडेही अशी मुलं पूर्वी दिसत. डोकं फुगत जायचं, डोळे खाली झुकायचे, मान तोलवायची नाही. घरातली म्हातारी माणसं मुलाला पाहून नुसतं तोंड फिरवायची. केनेथ ब्लॅकफॅन नावाच्या बालरोगतज्ज्ञाला साथीला घेऊन डँडीने एक सरळ सवाल मांडला. हे पाणी येतं कुठून, जातं कुठून आणि अडतं कुठे? बँकेत वर्षानुवर्षं जमाखर्च जुळवलेल्या माझ्यासारख्याला हा सवाल फार ओळखीचा वाटतो. शिल्लक वाढली तर दोनच कारणं असू शकतात. जमा जास्त झाली किंवा खर्ची पडायची रक्कम पडली नाही. डॉक्टर लोक तोवर फुगलेल्या शिल्लकेकडेच बघत बसले होते.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. तिसरी आणि चौथी ह्यांना जोडणारा एक अगदी बारीक बोळ असतो. डँडीने कुत्र्याच्या मेंदूत त्या बोळात जिलेटिनच्या वेष्टनातला कापसाचा बोळा सारला. जिलेटिन विरघळलं, कापूस राहिला, वाट बंद झाली. काही आठवड्यांत वरच्या पोकळ्या फुगल्या. म्हणजे पाणी आतच तयार होत होतं आणि ह्याच वाटेने बाहेर पडत होतं. मग माणसांसाठी त्याने आणखी सोपी युक्ती काढली. मूत्रपिंडाची तपासणी करण्यासाठी तेव्हा एक लाल रंग वापरत. तो त्याने आजारी मुलाच्या मेंदूतल्या पोकळीत टोचला आणि थोड्या वेळाने पाठीतलं पाणी काढून पाहिलं. पाण्यात रंग आला तर वाट मोकळी आणि दोष जिरण्यात. रंग आलाच नाही तर वाट कुठेतरी तुंबलेली. १९१३ आणि १९१४ साली हे निबंध छापून आले. हॉल्स्टेड सहसा कुणाची तारीफ करत नसत, पण ह्या पोराचं पाणी त्यांनी ओळखलं आणि त्याला आपल्या हाताखाली घेतलं.

ह्याच्या पुढचा भाग मी वाचताना थांबलो होतो. पोकळ्यांच्या आत रक्तवाहिन्यांचे जे झुबके असतात तिथे पाणी तयार होतं, असं डँडीचं मत झालं. मग ज्या मुलांमध्ये जिरण्याचीच वाट बंद आहे त्यांचे झुबकेच काढून टाकले तर? नळ काढला की गळती संपली, असा हा हिशेब. १९१८ साली त्याने चार लहान मुलांवर अशा शस्त्रक्रिया केल्याचं प्रसिद्ध केलं. त्यांतली बहुतेक दगावली. ज्या प्रयोगावर त्याने ही इमारत उभी केली होती त्यावर नंतरच्या संशोधकांनी शंका घेतल्या. झुबके काढूनही पाणी साठतच राहतं असं दिसून आलं. म्हणजे नळ तेवढाच नव्हता. ती मुलं नाहीतरी जगणार नव्हती, असं त्याच्या बाजूने म्हणता येतं आणि म्हटलंही गेलं आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. पण त्या काळी मेंदूची शस्त्रक्रिया म्हणजे काय होतं हेही विसरून चालणार नाही. डॉक्टरला कवटी उघडेपर्यंत आत काय आहे ते दिसतच नव्हतं.

क्ष-किरण येऊन तेव्हा वीसेक वर्षं झाली होती. हाड दिसायचं, मेंदू दिसायचा नाही. डँडीने कुत्र्यांच्या मेंदूतल्या पोकळ्यांत फोटोत उमटतील असे नाना क्षार भरून पाहिले. सगळे मेंदूला जाळणारे निघाले. हॉल्स्टेड पोटाचे क्ष-किरण फोटो दाखवताना आतड्यातला वायू कसा काळा, ठळक दिसतो हे नेहमी दाखवून देत. शिवाय १९१३ साली न्यूयॉर्कच्या लकेट नावाच्या डॉक्टरांनी एक विलक्षण फोटो छापला होता. कवटीला तडा गेलेल्या एका रुग्णाच्या मेंदूतल्या पोकळ्या त्यात हवेने भरलेल्या स्पष्ट दिसत होत्या. तड्यातून हवा आपली आपण वर शिरली होती. (डोक्याला मार लागल्यावर नाकातून पाणी येत असेल तर जोरात नाक शिंकरू नका, असं डॉक्टर बजावतात ते ह्याचसाठी.) निसर्गाने अपघाताने काढलेला हा फोटो पाहिला अनेकांनी. त्यातून पुढचं पाऊल टाकलं एकट्या डँडीने. १९१८ साली त्याने मेंदूतलं थोडं थोडं पाणी काढून तेवढीच हवा आत सोडली आणि फोटो घेतला. पोकळ्यांचा आकार कागदावर आला. गाठ असेल तर पोकळी एका बाजूला ढकललेली दिसे, अडथळा असेल तर फुगलेली. पुढच्याच वर्षी पाठीतून हवा सोडून तीच किमया केली.

वाचायला छान वाटतं. भोगणाऱ्याला मात्र ब्रह्मांड आठवायचं. हवा भरल्यावर डोकं असं ठणकायचं आणि उलट्या अशा व्हायच्या की पेशंट पुन्हा तपासणीला तयार होत नसत. काही जण त्यात गेलेही. तरीसुद्धा पुढची पन्नास वर्षं, १९७१ साली इंग्लंडमध्ये हाउन्सफील्डच्या सीटी स्कॅन यंत्रावर पहिला पेशंट तपासला जाईपर्यंत, जिवंत माणसाच्या मेंदूत डोकावण्याच्या ज्या मोजक्या वाटा होत्या त्यांतली ही मुख्य होती. १९३३ साली नोबेल पारितोषिकासाठी डँडीचं नाव सुचवलं गेलं. पारितोषिक मिळालं नाही.

बॉस्टनला बसलेल्या कुशिंगना हा हवेचा प्रकार फारसा रुचला नव्हता. पेशंटला नीट तपासण्याची कला ह्याने मागे पडेल, अशी त्यांची धास्ती. त्यातून १९२२ साली ठिणगी पडली. कानाच्या नसेवर वाढणारी एक गाठ असते. कुशिंग ती आतून पोखरून काढत आणि आवरण तसंच ठेवत, कारण सगळी काढायला गेलं की पेशंट हाताला लागत नसे. डँडीने आवरणासकट पूर्ण गाठ काढून पेशंट वाचवल्याचं लहानसं टिपण छापलं. कुशिंगनी ह्या विषयावर १९१७ सालीच मोठा ग्रंथ लिहिला होता. आपल्या कामाचा नीट उल्लेखही केला नाही म्हणून त्यांनी शिष्याला खरमरीत पत्र पाठवलं. शिष्याने नमतं घेतलं नाही. उल्लेखाच्या बाबतीत कुशिंगचं बरोबर होतं, गाठीच्या बाबतीत डँडीचं, असं माझं मत. दोघांची मनं पुढे जुळली नाहीत.

डँडीच्या खोलीत शस्त्रक्रिया चालू असताना हाताखालच्या पोरांची त्रेधा उडायची. रागाच्या भरात अवजार भिरकावण्यापर्यंत मजल जाई. पण हाच माणूस शिक्षक, धर्मोपदेशक, वैद्यकातली माणसं आणि गरीब ह्यांच्याकडून पैसे घेत नसे. १९२४ साली सेडी मार्टिन हिच्याशी लग्न झालं, चार मुलं झाली, आणि घरी तो मुलांत रमणारा बाप होता. मुलीने पुढे त्याच्या घरगुती बाजूवर पुस्तक लिहिलं आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटांवर दिवसरात्र खास परिचारिकांची नजर असावी म्हणून त्याने हॉपकिन्समध्ये तीन खाटांची वेगळी सोय केली होती. आज ज्याला आपण आयसीयू म्हणतो त्याची ही अगदी सुरुवातीची आवृत्ती.

आता १९२६ कडे येतो. डँडीने त्या वर्षी कवटीत शिरलेल्या हवेवर एक निबंध लिहिला. ज्याने मुद्दाम हवा भरायला शिकवलं त्याच्यापुढे आता आपोआप शिरणारी हवा थांबवण्याचं काम होतं. अपघातात कपाळामागच्या हाडाच्या पोकळीची भिंत फुटली होती. त्या फटीतून पाणी खाली आणि हवा वर, असं येणंजाणं चालू होतं. डँडीने कपाळाचं हाड उघडलं, मेंदूचा पुढचा भाग अलगद उचलून धरला, खालच्या जमिनीवरची फट शोधली आणि पेशंटच्याच मांडीच्या स्नायूवरचं चिवट पांढरं आवरण कापून आणून ते ठिगळ आतून शिवून टाकलं. गळती थांबली. मेंदूतलं पाणी नाकात गळण्यावर शस्त्रक्रियेने केलेला हा पहिला यशस्वी इलाज मानतात. कवटीच्या तळाचं गळतं भोक डोळ्यांनी पाहून बुजवता येतं, हे त्या दिवसापर्यंत कुणी दाखवलं नव्हतं.

मात्र ह्या युक्तीत एक मोठी गोम होती. भोक कुठे आहे ते आधी कळायला हवं. हाड मोडून फोटोत फट दिसत असेल तर ठीक. पण कित्येकदा भोक सुईच्या अग्राएवढं, चाळणीच्या हाडातल्या असंख्य छिद्रांपैकीच एक. पाणी डाव्या नाकपुडीतून येतंय म्हणून भोक डावीकडेच असेल अशी खात्री नाही. कानामागचं हाड फुटलं तर पाणी कानाच्या आतल्या नळीने घशामागे उतरून नाकातून बाहेर येतं. घराच्या स्लॅबला गळती लागली की ओल जिथे दिसते तिथे भेग नसते, हे ज्यांनी घरं बांधून घेतली आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. अशा वेळी सर्जन मेंदू उचलून दोन्ही बाजूंची जमीन चाचपत राही, आणि काही वेळा काहीच न सापडता कवटी मिटवावी लागे.

पुढची वीस वर्षं डँडी एकापाठोपाठ एक असं काही करत राहिला की यादी द्यायची तर हे पान पुरणार नाही. २३ मार्च १९३७ रोजी त्याने मेंदूतल्या फुगलेल्या रक्तवाहिनीच्या मानेवर चांदीचा इवलासा चिमटा बसवला. असं त्याआधी कुणी केलं नव्हतं. असे चांदीचे चिमटे मुळात कुशिंगनी शोधलेले, ही त्यातली गंमत. त्याच वर्षी जुलैत संगीतकार जॉर्ज गर्शविन कॅलिफोर्नियात बेशुद्ध पडला आणि डँडीच हवा म्हणून शोध सुरू झाला. हा गृहस्थ नेमका मेरीलंडच्या गव्हर्नरांबरोबर नौकेवर गेलेला. सरकारी यंत्रणेने समुद्रातून त्याला शोधून काढलं, न्यूअर्कच्या विमानतळापर्यंत आणलं, तिथून फोनवर बोलणं झालं, पण वेळ उरला नव्हता. तिकडच्या सर्जनांनी शस्त्रक्रिया केली आणि ११ जुलैला गर्शविन गेला, ३८ व्या वर्षी. पुढच्या वर्षी वुल्फला आगगाडीने सिअ‍ॅटलहून बाल्टिमोरला आणलं. १२ सप्टेंबरला डँडीने डोकं उघडलं तर क्षयाचे दाणे मेंदूभर पसरलेले. करण्यासारखं काही नव्हतं. १५ तारखेला वुल्फ संपला. क्षयावरचं पहिलं खरं औषध यायला अजून काही वर्षं होती.

एक गोष्ट आपल्या घरातल्या क्रिकेटवेड्यांसाठी. बेसबॉलचा चेंडू डोक्यात बसून खेळाडू जायबंदी होत, म्हणून डँडीने एका सहकाऱ्याबरोबर टोपीच्या आत बसणाऱ्या संरक्षक पट्ट्या तयार केल्या आणि १९४१ साली ब्रुकलिन डॉजर्सच्या खेळाडूंनी त्या वापरल्या. आपला नरी कॉन्ट्रॅक्टर मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला ग्रिफिथच्या चेंडूने कवटी फुटून मरणाच्या दारातून परत आला, तेव्हा त्याच्या डोक्यावर काही नव्हतं. कसोटीत पहिलं हेल्मेट दिसलं ते त्यानंतर सोळा वर्षांनी.

१९४४ साली डँडी पुन्हा आपल्या जुन्या प्रश्नाकडे वळला. नाकातून आणि कानातून गळणाऱ्या मेंदूतल्या पाण्यावर त्याने निबंध लिहिला. तोवर पेनिसिलिन नुकतं हाताशी येत होतं. त्याआधी अशा माणसाला मेंदूज्वर झाला की बहुधा तिरडीच बांधावी लागे. म्हणून गळती बुजवण्याची घाई. १९ एप्रिल १९४६ रोजी हृदयविकाराने डँडी गेला, त्याच्याच रुग्णालयात. साठावा वाढदिवस होऊन तेरा दिवस झाले होते.

त्याची पद्धत मात्र पुढे चालू राहिली, आणि ती मी जवळून पाहिली आहे. १९८६ साली मी एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. आमचे कॅशिअर स्कूटरवरून पडले. कपाळाला चार टाके पडले, आठ दिवसांत ते कामावर आले. त्यानंतर नोटांची बंडलं मोजायला खाली वाकले की त्यांच्या नाकातून थेंब पडायचा. ओल्या नोटा पाहून खातेदार नाक मुरडत. गावातल्या डॉक्टरांनी सर्दी म्हणून पाच महिने गोळ्या दिल्या. बँकेत ज्या रकमेचा पत्ता लागत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. तशीच ही सर्दी. फरक एवढाच, की सस्पेन्स खातं ऑडिटर येईपर्यंत तरी थांबतं. एका रविवारी त्यांना हुडहुडी भरून ताप आला, मान ताठ झाली आणि पुण्याला हलवावं लागलं. मेंदूज्वरातून ते वाचले. मग तिथल्या तरुण नाक-कान-घसा डॉक्टरीणबाईंनी पडण्याची सगळी हकिगत विचारली, त्यांना पुढे वाकायला सांगितलं आणि नाकातला थेंब बाटलीत धरला.

स्कॅनमध्ये फट सापडली. शस्त्रक्रिया डँडीच्याच पद्धतीची. कपाळ उघडून, मेंदू उचलून, मांडीतलं ठिगळ लावून. गळती कायमची थांबली. महिन्याभराने ते कामावर आले ते हसतमुखाने. पण वास गेला होता. मेंदू उचलताना चाळणीतून खाली उतरणाऱ्या वासाच्या नसा तुटतात, ही ह्या शस्त्रक्रियेची नेहमीची किंमत. फोडणी करपली तरी त्यांना कळायचं नाही. वहिनी घरात नसल्या तर ते गॅसचा चहासुद्धा करून घेत नसत, गळती लागली तर कळायची नाही म्हणून. कोऱ्या नोटांचा वास त्यांना फार आवडायचा. नवं बंडल फोडलं की सवयीने नाकाशी नेत आणि मग हळूच खाली ठेवत.

आज त्यांच्या जागी कुणी असता तर कपाळ उघडावं लागण्याचा संभव फार कमी. १९७९ साली फिनलंडमध्ये बीटा-२ ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनावरून हे पाणी ओळखता येतं असं आढळलं. ते शेंबडात किंवा अश्रूंत जवळजवळ नसतंच. त्यामुळे रुमाल कडक होतो की मऊ हे पाहत बसायला नको, चार थेंब प्रयोगशाळेत पाठवले की झालं. मग कवटीच्या तळाचे मिलिमीटरपेक्षाही पातळ कापांचे स्कॅन काढतात आणि एमआरआयवर पाण्याची रेघ कुठून खाली उतरते ते बघतात. १९८१ साली जर्मनीतल्या विगांड ह्यांनी नाकातून दुर्बीण घालून अशी गळती बुजवली, आणि ती वाट आता रुळली आहे. पहिल्याच खेपेत सुमारे ९० टक्के पेशंटांची गळती थांबते. मेंदूला हात लागत नाही, आणि वास बहुतेकांचा शाबूत राहतो.

तरीही काही भोकं स्कॅनला चकवतात. तेव्हा डॉक्टर पाठीतलं थोडं पाणी काढतात, त्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग अगदी मोजून, थेंबाच्या हिशेबात मिसळतात आणि परत आत सोडतात. रंग पाण्याबरोबर हळूहळू वर चढत मेंदूपाशी पोचतो. काही वेळाने नाकात दुर्बीण घालून निळा प्रकाश टाकला की नाकाच्या छताच्या एका कोपऱ्यातून पोपटी रंगाची एक बारीक रेघ खाली ओघळताना दिसते. सर्जन ती रेघ धरून वर वर जातो, भोक गाठतो आणि भोवतालची त्वचा खरवडून ठिगळ बसवतो. मग थोडा वेळ तिथेच थांबून पुन्हा पोपटी काही पाझरतंय का, ते पाहत राहतो.